विश्लेषण : सैनिकाच्या अंगावरचे साहित्य कालबाह्य का राहते? महाड-पोलादपूरच्या फौजी गावांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

क्षेपणास्त्रे, लढाऊ विमाने आणि ड्रोन यांच्या खरेदीची चर्चा नेहमी होते. मात्र पायदळातील जवानाचे शिरस्त्राण, चिलखती जाकीट, बूट, झोपण्याची पिशवी आणि हातातील रायफल यांचा विषय एखाद्या लेखापरीक्षण अहवालापुरता किंवा एखाद्या हल्ल्यानंतरच्या काही दिवसांपुरताच पुढे येतो. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतून पिढ्यान् पिढ्या तरुण सैन्यात जात आहेत. आता अग्निपथ योजनेमुळे सेवेचा काळच चार वर्षांवर आला असताना, साहित्य बदलायला लागणारी वर्षे या गावांसाठी अधिकच महत्त्वाची ठरतात.

महाड-पोलादपूरचा संबंध काय?

रायगड किल्ला महाड तालुक्यात, तर तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. पण या भागाची फौजी परंपरा इतिहासापुरती मर्यादित नाही. महाड तालुक्यातील आंबवडे हे डोंगराच्या कुशीतील गाव ‘फौजी आंबवडे’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातून शंभराहून अधिक जण गेले आणि त्यानंतरही घरटी सैनिक ही गावाची ओळख टिकून राहिली. शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतील १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

महार पलटणींचा इतिहासही याच मातीशी जोडलेला आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक. महारांची सैन्यभरती बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. गरज पडली तेव्हा, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यानंतर ती मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात स्थापन झाली. कमी पाऊस झाला तर शेती तोट्यात आणि जास्त झाला तर पुरात, अशा या डोंगरी पट्ट्यात फौजेची नोकरी हा मानाचा आणि पोटाचाही आधार राहिला आहे.

जुनी हत्यारे देण्याची प्रथा केव्हापासून?

हिंदी सैनिकाला जुने साहित्य मिळणे ही सुरुवातीला हलगर्जी नव्हती, ते धोरण होते. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी तोफखाना बहुतांशी गोऱ्या सैनिकांच्या हाती ठेवला आणि हिंदी पायदळाला गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची रायफल देण्याचा प्रघात पाडला. पुन्हा बंड झालेच तर ते आटोक्यात ठेवता यावे, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी सैन्य फ्रान्समधील मार्से बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्या हातातील रायफली तिथेच बदलाव्या लागल्या. अंगावर उष्ण हवामानासाठीचा सुती गणवेश होता आणि समोर युरोपातला हिवाळा.

मेसोपोटेमियात मराठा पलटणींचा समावेश असलेली सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. त्या मोहिमेत जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून हलवले जात होते. १९१७ च्या चौकशी आयोगाने वैद्यकीय आणि पुरवठा व्यवस्थेवर इतके कठोर ताशेरे ओढले, की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात चित्र बदलले. यशवंत घाडगे यांच्या हातात त्या काळातील आधुनिक टॉमी गन होती. म्हणजे गरज आणि इच्छा असली की साहित्य मिळते, हेही त्याच इतिहासात दिसते.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले?

धोरण बदलले, पण मागे राहण्याची सवय सुटली नाही. १९६२ मध्ये हिमालयातील चौक्यांवर पाठवलेल्या अनेक तुकड्यांकडे सुती गणवेश, कॅनव्हासचे बूट आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफल होती. १९९९ च्या कारगिल युद्धात नव्या ‘इन्सास’ रायफलीची मॅगझिन थंडीत तडकण्याच्या तक्रारी आल्या. अतिउंचीवर लागणारे कपडे आणि बूटही सर्वांना पुरेसे नव्हते.

मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर आलेली आकडेवारी बोलकी होती. लष्कराकडील सुमारे ६८ टक्के साहित्य जुन्या पिढीचे, २४ टक्के सध्याच्या पिढीचे आणि केवळ ८ टक्के अत्याधुनिक होते. साधारणपणे हे प्रमाण अनुक्रमे एक तृतीयांश प्रत्येकी असावे, असे लष्करी नियोजनात मानले जाते.

‘कॅग’ने नेमके काय म्हटले होते?

नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा (कॅग) सियाचिन, लडाख आदी भागांतील कपडे, साहित्य, शिधा आणि निवाऱ्याविषयीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात जवानांना बर्फातील बहुउद्देशीय बूट मिळाले नाहीत आणि असलेलेच बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले, असे त्यात नमूद होते. बर्फातील गॉगल्सची तूट ६२ ते ९८ टक्के होती. मुखवटे, जाकिटे आणि झोपण्याच्या पिशव्या जुन्याच निकषांनुसार खरेदी झाल्याने सुधारित वस्तू उपलब्ध असूनही त्या जवानांपर्यंत पोहोचल्या नाहीत. अन्नाच्या पर्यायी वस्तू देताना उष्मांकही घटले.

हा अहवाल जुन्या काळाचा असून आता तयारी पुरेशी आहे, असे तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी तेव्हा स्पष्ट केले. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये गलवानचा संघर्ष झाला. हजारो जवान हिवाळ्यात पूर्व लडाखमध्ये ठेवावे लागले आणि थंडीचे कपडे अमेरिकेकडून तातडीने घ्यावे लागले. नेहमीच्या तैनातीपुरता साठा आणि अचानक वाढलेल्या तैनातीला पुरणारा साठा यांतील अंतर तेव्हा लक्षात आले.

जुने साहित्य म्हणजे निकामी साहित्य का?

नाही. युक्रेनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेच्या मॅक्झिम मशीनगन आजही चालवल्या जात आहेत. वस्तूच्या वयापेक्षा धोका किती बदलला, याला महत्त्व असते. काश्मीरमध्ये वापरला जाणारा ‘बुलेटप्रूफ पटका’ हे त्याचे चांगले उदाहरण. सुमारे अडीच किलोचा हा पट्टा कपाळ आणि डोक्याची मागची बाजू यांना रायफलीच्या गोळीपासून वाचवतो. समोरून गोळीबार होणाऱ्या दहशतवादविरोधी चकमकींत तो उपयोगी होता, म्हणूनच टिकला. पण डोक्याचा वरचा भाग आणि कानाजवळचा भाग त्यात उघडा राहतो. वरून ड्रोनने बॉम्ब टाकला किंवा तोफगोळ्याचे तुकडे उडाले, तर तो पुरत नाही. रात्री पाहण्याचे उपकरण आणि संपर्कयंत्र बसवण्याचीही त्यात सोय नाही.

चिलखती जाकिटाचेही तसेच. २०१७ च्या अखेरीस पुलवामातील लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावरील हल्ल्यात पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्या गेल्या. साध्या गोळीला अडवणारे कवच अशी गोळी भेदू शकते. थोडक्यात, वस्तू तीच राहते, पण समोरची गोळी बदलली की ती एका दिवसात कालबाह्य होते. औष्णिक कॅमेरे बसवलेल्या ड्रोनमुळे तर गणवेशाचे छद्मावरणही केवळ रंगांपुरते ठेवून चालत नाही. शरीराची उष्णता लपवणे ही नवी गरज आहे.

ही केवळ भारताची समस्या आहे का?

मुळीच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने लाखो राखीव सैनिकांना बोलावले, तेव्हा अनेकांनी बूट, झोपण्याच्या पिशव्या आणि प्रथमोपचाराचे साहित्य स्वतःच्या पैशाने घेतले. डोनेत्स्कमधील सक्तीने भरती केलेल्या काहींच्या हातात एकोणिसाव्या शतकातील रचनेच्या मोसिन रायफली आणि डोक्यावर सोव्हिएतकालीन लोखंडी शिरस्त्राणे दिसली. २००३ मध्ये इराकमध्ये उतरलेल्या ब्रिटिश सैन्याकडे सर्वांना पुरेशी चिलखती जाकिटे नव्हती. पुढे २०१६ च्या चिलकॉट चौकशी अहवालाने साहित्याच्या तुटवड्यावर आणि हलक्या कवचाच्या गाड्या बदलण्यातील दिरंगाईवर टीका केली. श्रीमंत देशही मोठी शस्त्रे आधी आणि जवानाच्या अंगावरचे साहित्य नंतर, याच क्रमाने विचार करतात.

मग खरेदीला इतका वेळ का लागतो?

चिलखती जाकिटांची कहाणी पुरेशी आहे. १,८६,१३८ जाकिटांच्या खरेदीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. चाचण्यांत जाकिटे निकषांना उतरली नाहीत, निविदा प्रक्रिया पुन्हा करावी लागली. मधल्या काळाची गरज म्हणून २०१६ मध्ये ५० हजार जाकिटांची वेगळी खरेदी झाली आणि मूळ संख्येचा ६३९ कोटी रुपयांचा करार एप्रिल २०१८ मध्ये झाला. मान्यतेपासून करारापर्यंत नऊ वर्षे. पुरवठ्याचा काळ त्याहून वेगळा.

यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, निकष. वजनाने हलके, कोणतीही गोळी अडवणारे आणि स्वस्त अशा तिन्ही अपेक्षा एकाच कागदावर आल्या, की चाचणीत कोणीच उत्तीर्ण होत नाही. निकष बदलले की प्रक्रिया पहिल्यापासून. दुसरे, पैसा. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटी रुपयांच्या संरक्षण तरतुदीत भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी आणि निवृत्तिवेतनाला १.६० लाख कोटी रुपये होते. कपडे, बूट अशा वस्तू प्रामुख्याने महसुली खर्चातून येतात. तिथे त्यांची स्पर्धा इंधन, दारूगोळा आणि दुरुस्तीशी असते. तिसरे, आकार. बारा लाखांहून अधिक सैनिकांच्या दलात एखादी वस्तू शेवटच्या तुकडीपर्यंत पोहोचेस्तोवर पहिल्या तुकडीकडील वस्तू जुनी झालेली असते.

अलीकडे सुधारणा झाली का?

निश्चितच. २०१६ च्या उरी हल्ल्यापासून तातडीच्या खरेदीचे अधिकार सेनादलांना वेळोवेळी देण्यात आले. कानपूरच्या कंपनीकडून १.५८ लाख नवी शिरस्त्राणे घेतली गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग सॉवर रायफलींचा करार झाला, तर अमेठीतील कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली बनवण्याचा कार्यक्रम सुरू आहे. दिल्लीच्या आयआयटीसह ‘डीआरडीओ’ने विकसित केलेल्या ‘अभेद’ जाकिटांचे किमान वजन ८.२ किलोपर्यंत खाली आले. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सुमारे १,९८२ कोटींच्या १३ तातडीच्या करारांत ड्रोनविरोधी यंत्रणांबरोबर चिलखती जाकिटे, शिरस्त्राणे आणि रायफलींसाठी रात्रीच्या दुर्बिणीही आहेत. महसुली खरेदीसाठीची नवी नियमावली १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिचा उद्देशच निर्णयाचे अधिकार खालच्या स्तरावर देऊन वेळ वाचवणे हा आहे.

पण तातडीची खरेदी हा अपवादाचा मार्ग आहे. ती हल्ल्यानंतर होते, मर्यादित संख्येत होते आणि आघाडीच्या तुकड्यांपुरती असते. त्यामुळे एकाच बटालियनमध्ये नवी आणि जुनी साधने एकत्र नांदतात. सुट्या भागांचा, प्रशिक्षणाचा आणि देखभालीचा भार वाढतो.

पुढे कशावर लक्ष ठेवायला हवे?

केवळ किती कोटींचे करार झाले यापेक्षा तीन साधे आकडे अधिक सांगतील. मान्यता ते प्रत्यक्ष पुरवठा यांत किती वर्षे गेली, किती टक्के जवानांकडे सध्याच्या निकषांचे साहित्य आहे आणि मुदत संपलेले साहित्य किती काळात बदलले गेले. सुरक्षेचे तपशील उघड न करताही असा हिशेब दरवर्षी संसदेच्या समितीपुढे ठेवता येतो.

अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते. जाकिटांच्या खरेदीला लागलेल्या नऊ वर्षांत फौजी आंबवडेसारख्या गावातून अग्निवीरांच्या दोन पूर्ण तुकड्या भरती होऊन परतही आल्या असत्या, आणि त्यांच्यासाठी मंजूर झालेले जाकीट तोवर कागदावरच राहिले असते. साहित्याच्या खरेदीचा वेग सेवेच्या नव्या कालावधीशी जुळवून घेतला नाही, तर मंजुरी एका पिढीच्या नावावर आणि वस्तू दुसऱ्या पिढीच्या अंगावर, हे नेहमीचेच होईल. त्यामुळे नव्या नियमावलीची कसोटी पुढील मोठ्या खरेदीतच लागेल : ती चार वर्षांच्या आत जवानाच्या हातात पडते का?