शांततेचा पत्ता

माणसाला काय हवे असते, या प्रश्नाला पैसा, मान, सत्ता अशी उत्तरे पुष्कळ देता येतील. पण दिवसभराच्या दगदगीने शिणलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता हाच प्रश्न विचारून पाहावा. तो म्हणेल, थोडा निवांतपणा द्या. आणि हा निवांतपणा कुठे असतो, असे विचारले तर त्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. निळा समुद्र, पांढरी वाळू, पाण्याकडे झुकलेला माड. केशकर्तनालयाच्या भिंतीवर, वाण्याने दिलेल्या कॅलेंडरवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावरही हेच चित्र असते. त्या चित्रात माणूस मात्र एकही नसतो, आणि त्याचे खरे आकर्षण तेच असावे.

आमच्या गडमुडशिंगीच्या माणसाला या चित्राची ओढ का वाटू नये? गाव म्हणायला गाव, पण गोंगाट शहराचा. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, तिकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, तर पलीकडे गांधीनगरची घाऊक बाजारपेठ. २०१८ पासून विमाने पुन्हा नियमित उडू लागली आणि धावपट्टीच्या विस्तारासाठी गावाची जमीनही गेली. त्यावर आपल्या घरचा आहेर वेगळाच. लग्न, बारसे, वाढदिवस, जयंती, यात्रा यांपैकी काहीही असो, ज्याला आपण सरसकट 'डॉल्बी' म्हणतो ती भिंत चौकात उभी राहिल्याशिवाय कार्य पार पडले असे कुणाला वाटतच नाही. मग चार पैसे गाठीला असलेला माणूस शनिवारी गाडी काढतो आणि गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरून मालवण-तारकर्ली गाठतो.

जायला हरकत नाही. पण तिथे आपल्याला जी शांतता भेटते ती कुणाची, याचा विचार आपण करतो का? कोकणातल्या पुष्कळ घरांना कुलपे लागली, कारण त्या घरांतली कर्ती माणसे पोटासाठी मुंबईला गेली. गिरणगावातल्या एकेका खोलीत दहा-दहा जणांनी दाटीवाटीने दिवस काढले, तेव्हा इकडे माडाखालचे अंगण सुने झाले. आपण ज्याला निवांतपणा म्हणतो ती तिथल्या म्हाताऱ्या आईची वाट पाहण्याची जागा आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यामुळे तिथे चार हातांना काम मिळाले, हे चांगलेच झाले. पण शांततेसाठी गेलेले आपण किनाऱ्यावर गाडीची दारे उघडी टाकून गाणी लावतो, तेव्हा सोबत काय घेऊन आलो हे उघडच होते.

हा अनुभव आपलाच आहे असे नव्हे. कोल्हापुरात पहिली आगगाडी आली त्याच साली, म्हणजे १८९१ मध्ये, पॉल गोगँ हा फ्रेंच चित्रकार युरोपच्या सुधारणेला कंटाळून ताहिती बेटावर गेला. तिथे त्याला फ्रेंच अंमलदार, पाद्री आणि युरोपी कपडे घातलेले बेटवासी भेटले. १९०१ साली तो आणखी दूरच्या मार्किझास बेटांवर गेला. तिथेही सरकारशी आणि धर्मोपदेशकांशी भांडत १९०३ साली वारला. त्याची चित्रे शांत आहेत, त्याचे आयुष्य मात्र शांत झाले नाही. उलट वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याला गेले ते समुद्राकाठी विसावा घ्यायला नव्हे, तर शाळेत शिकवायला. १९३८ साली ते कोल्हापूरला आले, आणि 'ययाति' लिहिली गेली ती इथे, शहरात.

आणि याहून जवळचे उदाहरण तर आपल्या शिवेवर आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियाच्या हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत राहिले. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी बांधव आले आणि गांधीनगर उभे राहिले. जगाच्या कोलाहलातून पळालेल्या माणसांना जी शांतता मिळाली ती या पंचगंगेच्या काठी! ती इथल्या हवापाण्याने आपोआप मिळाली नाही. संस्थानाने जागा दिली, शेजारच्या गावांनी परक्यांना सांभाळून घेतले, म्हणून मिळाली. माणसांनी मिळून राखली तरच शांतता टिकते, मग ते गाव समुद्राकाठी असो वा माळावर.

गावात राहायचे तर आवाज आलाच, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पहाटेच्या दूध संकलन केंद्रावरची किटल्यांची खणखण, भजनातला टाळ, यात्रेतली हलगी हे आवाज नकोत असे कोण म्हणतो? पण हलगी वाजवणाऱ्याचे हात दुखले की थांबते. यंत्राचे हात दुखत नाहीत, म्हणून ते थांबवण्याचे काम कायद्याने माणसावर टाकले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. कायदा आहे, पण तक्रार कुणी करायची? जो करील तो देवाच्या विरुद्ध, भावकीच्या विरुद्ध ठरतो. म्हणून पैसेवाला घाट उतरून जातो. मागे राहतात ते परीक्षेला बसलेला मुलगा, नुकतीच बाळंत झालेली बाई, दम्याचा म्हातारा आणि रात्रपाळी करून दिवसा झोपू पाहणारा कामगार. शांतता ही ज्याला परवडेल त्याची चैन होऊन बसली आहे, आणि माझा आक्षेप आहे तो यालाच.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली दाखवलेली वाट मला म्हणूनच मोलाची वाटते. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहू लागले, मुलांनी अभ्यास करावा आणि माणसांनी माणसांशी बोलावे म्हणून. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शतकांची रूढी मोडायला जी ग्रामसभा धजते, तिला रात्री दहानंतरचा कर्णा जड का जावा? ठराव साऱ्या गावाचा झाला की तक्रार करणारा एकटा पडत नाही, हा त्यातला मोठा लाभ.

विद्यार्थी मित्रांनो, मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी अठरा वर्षे ओलांडली आहेत, पण ग्रामसभेची पायरी किती जणांनी चढली? सुटीत तारकर्लीला जरूर जाऊ. पण १ मेच्या ग्रामसभेला दहा-वीस जणांनी मिळून एक अर्ज द्यावा: रात्री दहानंतर आवाज बंद, आणि परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी सातपासून. एवढे झाले तर घाट उतरण्याची ज्याची ऐपत नाही, त्यालाही आपल्या अंथरुणावर शांत झोप मिळेल.