सुट्टी नको, दिवस हवा

पालघरच्या १४ ऑगस्टला सरकारी सुट्टी द्यावी, असे परवा एक स्नेही तावातावाने म्हणाले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही या सूचनेला माझा सक्त विरोध आहे.

१९४२ साली त्या दिवशी कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तेवारी. दरसाल त्या दिवशी पालघरची बाजारपेठ बंद राहते. हा बंद लोकांचा आहे. गल्ल्यावरचा माणूस स्वतःच्या हाताने फळी लावतो, तेव्हा त्याला निदान एवढे तरी ठाऊक असते की, ती तो का लावतो आहे.

स्नेह्यांनी त्रिनिदादचा दाखला दिला. तो देश ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला. पण तेथे गुलामगिरी संपल्याची १ ऑगस्टलाही सुट्टी असते, आणि १८४५ साली हिंदी मजुरांचे पहिले जहाज लागले त्या ३० मेलाही. आपल्या जखमा पंचांगात मांडणारा देश मला आवडतो. परंतु मांडणे निराळे आणि आठवणे निराळे. आपल्या १५ ऑगस्टचे काय झाले? झेंडा, भाषण, जिलेबी, आणि नऊच्या आत घर! १४ तारीखही सुट्टीची केली, तर दोन दिवसांची जोडसुट्टी तेवढी पदरात पडेल.

मी कुंभवलीत राहतो. सालवड आमच्याच कारखान्यांच्या पट्ट्यातले. तरी वर्गात मी विचारले, पालघरच्या हुतात्मा स्तंभाला पाचबत्ती का म्हणतात? एका मुलाने उत्तर दिले, "गुरुजी, पाच दिवे आहेत म्हणून." उत्तर चूक नव्हते, म्हणूनच ते मला लागले. दिवे त्याला दिसले होते, माणसे कोणी दाखवलीच नव्हती. त्यात मीही आलोच.

म्हणून माझे मागणे उलटे आहे. त्या दिवशी शाळा भरलीच पाहिजे. पहिल्या तासाला पाच नावे आणि पाच गावे फळ्यावर लिहावीत, आणि मुलांनी नकाशात ती गावे शोधावीत. शाळेला कुलूप लावून हुतात्म्यांचा मान राखता येत नाही.