मोठे इंजेक्टर आणि खरा आकडा

मोटारीच्या इंजिनाकडून अधिक शक्ती हवी असेल तर त्याला अधिक हवा आणि त्या हवेच्या प्रमाणात अधिक इंधन द्यावे लागते, ही गोष्ट शाळेतील मुलालाही समजण्यासारखी आहे. पूर्वी कार्ब्युरेटर होते, तेव्हा हे काम मिस्त्री हाताने करीत असे. पितळेचे लहान छिद्राचे जेट काढावयाचे आणि मोठ्या छिद्राचे बसवावयाचे. कार्ब्युरेटरला स्वतःची अशी काही समजूत नव्हती, त्यामुळे छिद्र बदलले की इंधन बदलले आणि प्रश्न तेथेच संपला. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने डी-जेट्रॉनिक ही विद्युत्-नियंत्रित पद्धत फोक्सवॅगन १६०० या गाडीत आणली. तेव्हापासून इंधनाचा हिशेब हळूहळू इंजिनाच्या नियंत्रकाकडे, म्हणजे त्याच्या संगणकाकडे गेला. आता इंजेक्टर बदलला तरी संगणकाच्या स्मरणातील आकडे जुनेच राहतात. ते कसे बदलावेत याविषयी दोन मते आढळतात. त्यांपैकी एक मत चुकीचे आहे असे मला वाटते, आणि ते का चुकीचे आहे हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रथम हिशेब पाहू. १६०० घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनात प्रत्येक सिलिंडर ४०० घन सेंटिमीटरचा असतो. तो हवेने पूर्ण भरला तर सुमारे अर्धा ग्रॅम हवा आत येते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास संपूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका वेळेस लागणारे पेट्रोल सुमारे ०.०४४ घन सेंटिमीटर झाले. मिनिटास २४० घन सेंटिमीटर पेट्रोल सोडणारा इंजेक्टर तेवढ्यासाठी ११ मिलिसेकंद उघडा राहिला पाहिजे. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) मिनिटास ६००० फेऱ्यांच्या वेगाने इंजिनाचे एक संपूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत पुरे होते, तेव्हा ११ मिलिसेकंद सहज मिळतात. परंतु टर्बोचार्जर लावून दुप्पट हवा आत दडपली तर २२ मिलिसेकंद लागतील, आणि वीस मिलिसेकंदांच्या चक्रात ते मिळणे अशक्य आहे. म्हणून ४८० घन सेंटिमीटरचा इंजेक्टर बसवावा लागतो. मोठ्या इंजेक्टरची गरज येथे उत्पन्न होते. ती निव्वळ हौस नव्हे.

आता पहिली चूक. इंजेक्टर दुप्पट झाला, म्हणून उघडण्याचा सर्व काळ निम्मा करावा, असे अनेकांना वाटते. वरवर हे तर्कशुद्ध दिसते. परंतु इंजेक्टर म्हणजे काही नुसते छिद्र नव्हे; ती विद्युच्चुंबकाने उघडणारी झडप आहे. वीज मिळाल्यापासून झडप प्रत्यक्ष उघडून इंधन वाहू लागेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो. इंग्रजीत यास ‘डेड टाइम’ म्हणतात. मी भाषांतर करताना आधी ‘मृतकाल’ असा शब्द योजला होता, पण तो वाचून कोणास काही बोध होईना. शेवटी ‘उघडण्याचा विलंब’ असे साधे लिहिले, आणि मग माझ्याही ध्यानात आले की सारे मर्म या विलंबातच आहे.

इंजिन मंद गतीने चालले असताना लहान इंजेक्टरला समजा २ मिलिसेकंद इंधन सोडावयाचे आहे. विलंब धरून संगणक त्यास ३ मिलिसेकंद वीज देतो. मोठ्या इंजेक्टरला १ मिलिसेकंद पुरेल, विलंबासह २. पण ज्याने सर्वच काळ निम्मा केला, तो ३ चे दीड करतो. त्यातून विलंबाचा एक वजा गेला की उरतो अर्धा मिलिसेकंद, म्हणजे गरजेच्या निम्मे इंधन. इंजिन गचके देऊन बंद पडते. हाच नियम पूर्ण भाराला लावा. १२ चे ६ झाले, विलंब जाऊन ५ उरले, आणि हवे होते साडेपाच. येथे तूट नऊ टक्क्यांची आहे. मंद गतीची चूक निदान लगेच दिसते. पूर्ण भारावरची ही लहानशी तूट मात्र दिसत नाही; ती मिश्रण कोरडे करते, सिलिंडरात अवेळी स्फोट होऊ लागतात आणि अखेर दट्ट्या निकामी होतो. एकाच चुकीची किंमत दोन ठिकाणी इतकी निराळी पडते.

हा विलंब विजेच्या दाबावरही अवलंबून असतो. चौदा व्होल्टला तो एक मिलिसेकंद असेल, तर बॅटरी उतरून अकरा व्होल्टवर आली की तो दीडच्या आसपास जाऊ शकतो. अर्ध्या मिलिसेकंदाची चूक लहान इंजेक्टरच्या दोन मिलिसेकंदांत पाव हिश्श्याची ठरते. मोठ्याच्या एका मिलिसेकंदात ती निम्म्या हिश्श्याची होते. पिचकारी जितकी मोठी, तितका हात अधिक काटेकोर लागतो.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. काही जण इंजेक्टरचा आकडा बदलण्याऐवजी हवा मोजणाऱ्या उपकरणाचा संदेश वाटेतच कमी करून संगणकास पाठवितात. हवा निम्मी आली असे समजून संगणक निम्म्या वेळ इंजेक्टर उघडतो आणि इंधनाचा हिशेब जमल्यासारखा दिसतो. परंतु त्याच हवेच्या मापावरून संगणक ठिणगीची वेळही ठरवीत असतो. हलका भार आहे या समजुतीने तो ठिणगी लवकर पाडतो, आणि सिलिंडरात तर जड भार असतो. एका आकड्याविषयी खोटे सांगितले की त्यावर विसंबणारे सर्व निर्णय बिघडतात. या दोन चुकांत मला महत्त्वाचा फरक दिसतो. पहिली अज्ञानाची आहे आणि ती शिकून सुधारते. दुसरीत यंत्राला जाणूनबुजून फसविलेले असते, आणि पुढे दुरुस्तीस येणाऱ्या माणसास खरे काय हे कधी कळत नाही.

यावर असे म्हणतात की, धुरांड्यातील ऑक्सिजन-संवेदक चूक पाहून आपोआप दुरुस्त करतो. मग एवढा खटाटोप कशाला? हे अर्धे खरे आहे. सामान्य संवेदक मिश्रण योग्य प्रमाणाच्या कोणत्या बाजूस आहे एवढेच विश्वासाने सांगतो. त्याची दुरुस्ती मर्यादित असते, आणि बहुतेक गाड्यांत पूर्ण भाराच्या वेळी संगणक त्याचे ऐकतच नाही. धोका नेमका तेथेच आहे.

तेव्हा मार्ग एकच. जी वस्तू बदलली, तिचेच वर्णन बदलावे. इंजेक्टरचा प्रवाह, तो ज्या दाबाखाली मोजला तो दाब, आणि निरनिराळ्या व्होल्टांवरील विलंब हे आकडे उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावेत किंवा मोजावेत. दाब बदलला तर प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, हेही विसरू नये. हवेचे आणि ठिणगीचे तक्ते प्रथम तसेच ठेवावेत. मग इंजिन गरम करून, रुंद पल्ल्याच्या संवेदकाने मिश्रण पाहत, मंद गतीपासून क्रमाक्रमाने भार वाढवावा. इंधनाचाही विचार हवा. भारतात २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. अशा मिश्रणास १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा भाग हवा पुरते. तेवढेच इंधन अधिक सोडावे लागते.

या कामाचा संबंध केवळ गाडीच्या मालकाशी नाही. मिश्रण ओले राहिले तर विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक-पात्र खराब होते. ती हवा रस्त्यावरच्या सर्वांना घ्यावी लागते. देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले आहेत. म्हणून असे प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर नव्हे, तर कार्यशाळेत आणि शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर व्हावेत. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन उतरले आहेत. हे शिक्षण त्यांना तेथे मोकळेपणी घेता येते.

शाळांना मात्र इंजिनाचीही गरज नाही. एक जुना इंजेक्टर, मोजपात्र, घड्याळ आणि इंधनाऐवजी सुरक्षित द्रव एवढ्यावर विलंब मोजता येतो. उघडण्याचा काळ आडव्या अक्षावर आणि बाहेर आलेला द्रव उभ्या अक्षावर मांडला, तर रेषा शून्यातून जात नाही. ती थोडी उजवीकडे सरकलेली असते. ते सरकणे म्हणजेच विलंब. जो विद्यार्थी ही रेषा स्वतः काढील, तो ‘दुप्पट झाले म्हणून निम्मे करा’ या सल्ल्यावर पुन्हा डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.