शिवी पुस्तकात आली कुठून? शाळा, बंदी आणि आपण

२०२५ च्या सुरुवातीला ‘चल हल्ला बोल’ या चित्रपटातील नामदेव ढसाळांच्या कवितांवर सेन्सॉर मंडळाकडून आक्षेप घेतला गेला आणि ‘कोण नामदेव ढसाळ?’ असा सवालही झाल्याच्या बातम्या आल्या. आंबेडकरी समाजात संताप उसळला आणि तो रास्तच होता. ज्या कवीला १९९९ साली पद्मश्री मिळाली, तो सरकारी खुर्चीला ठाऊक नसावा, ही आपल्या व्यवस्थेची ओळख आहे. पण संताप ओसरल्यावर एक प्रश्न उरतो आणि तो आपल्या घरापर्यंत येतो. ज्या पुस्तकांत शिव्या आहेत, ती आपल्या मुलांच्या शाळेत असावीत की नसावीत?

या प्रश्नाला आम्ही घोषणेने उत्तर देऊ इच्छित नाही. वस्तीतल्या अभ्यासिकेत काम करताना नववीतल्या एका मुलीने आम्हाला सांगितलेली गोष्ट विसरता येत नाही. वर्गात एका दलित आत्मकथनातला उतारा वाचला गेला. त्यात जातीवरून दिलेली शिवी होती. ती येताच मागच्या बाकावरची मुले वळून तिच्याकडे बघून हसली. शिक्षक पुढचा परिच्छेद वाचत राहिले. पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत तीच शिवी तिच्या मागे फिरत होती. ‘असलं पुस्तक शाळेत कशाला?’ हा तिच्या आईचा प्रश्न. तो कुणा संस्कृतिरक्षकाचा नाही, आपल्याच माणसाचा आहे. त्याला उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

आधी हे पाहू, की ही शिवी पुस्तकात आली कुठून? १९७२ साली ‘गोलपिठा’ आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. तेंडुलकरांसारख्या लेखकालाही त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. कारण ती भाषा मराठी साहित्याच्या दिवाणखान्यात कधी आलीच नव्हती. दया पवारांचे ‘बलुतं’, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ घ्या. ‘अक्करमाशी’ हे तर शीर्षकच मुळात एक शिवी आहे. समाजाने लेखकाच्या कपाळावर मारलेला शिक्का त्याने उचलून मुखपृष्ठावर ठेवला. शिवी गावाने दिली, लेखकाने फक्त तिची नोंद केली.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. चारचौघांत जातीवरून केलेली शिवीगाळ हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. पण ज्याने ती शिवी सोसली, त्याने ती लिहिणे ही साक्ष आहे. गुन्हा आणि साक्ष यांना एकाच मापाने मोजणारा न्यायाधीश आपण मान्य करू का? समरेश बसूंच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीला खालच्या न्यायालयांनी अश्लील ठरवले होते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. भाषा असभ्य असली म्हणजे लेखन अश्लील होतेच असे नाही, ही त्या निकालातील भूमिका आजही उपयोगाची आहे.

आता बंदीचा इतिहास बघा. २०१० साली मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. तक्रार शिवराळ भाषेची होती, पण दुखणे कादंबरीत शिवसेनेवर असलेल्या टीकेचे होते. २०१७ साली झारखंड सरकारने संथाळ लेखक हांसदा सोवेंद्र शेखर यांच्या ‘द आदिवासी विल नॉट डान्स’वर बंदी घातली. काही महिन्यांनी ती उठवावी लागली. २०२१ साली दिल्ली विद्यापीठाने इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही कथा वगळली. सोबत बामा आणि सुकिर्तराणी या दोन दलित लेखिकाही गेल्या. सभ्यतेची कात्री चालते तेव्हा ती कुणाच्या पानांवर आधी येते, हे वेगळे सांगायला नको.

१९७२ सालीच ‘साधना’तल्या राजा ढाले यांच्या लेखाने वादळ उठले होते. दलित स्त्रीची अब्रू घेणाऱ्याला किरकोळ दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला त्याहून मोठा दंड, ही विसंगती त्यांनी जळजळीत शब्दांत मांडली. गदारोळ झाला तो त्या शब्दांवर. ज्या अत्याचारातून ते शब्द आले, त्यावर तेवढा झाला नाही.

बौद्ध म्हणून मात्र आपल्यापुढे एक खरा पेच आहे. सम्यक वाचा कठोर बोलणे टाळायला सांगते. मग शिवराळ कवितेची बाजू आपण कशी घेणार? मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात याचे उत्तर आहे. बाळाच्या घशात खडा अडकला तर तू काय करशील, असे भगवान बुद्ध राजकुमाराला विचारतात. रक्त आले तरी मी तो बाहेर काढीन, असे तो म्हणतो. जे सत्य आहे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी तथागत बोलतात; मात्र योग्य वेळ ओळखून. सत्य, हित आणि वेळ या तीन कसोट्या आहेत. गोडपणा ही कसोटी नाही.

याच कसोट्या आपण स्वतःलाही लावल्या पाहिजेत. २०१२ साली अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातील बाबासाहेबांच्या जुन्या व्यंगचित्रावरून आपला समाज पेटला. पुण्यात प्रा. सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. चित्र दुखावणारे होते, हे अनेकांचे मत आम्ही समजू शकतो. पण मोडतोड हे बाबासाहेबांच्या अनुयायांचे उत्तर नव्हे. १९८८ साली ‘रिडल्स’वर गदा आली, तेव्हा पुस्तक वाचवण्यासाठी हाच समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला होता. भावना दुखावल्या म्हणून पान फाडा, हा नियम आपण मान्य केला तर तो सर्वात आधी आपल्याच पुस्तकांवर चालेल. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, हे खरे. पण ती ओळीओळीने वाचून जाळली आणि पुढेही आपल्या ग्रंथांतून तिची चिकित्सा करत राहिले. इतरांनी ती वाचू नये, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

मग त्या मुलीच्या आईला काय सांगायचे? पुस्तक काढून टाकले असते तर तिच्या मुलीला हिणवणाऱ्या मुलांना ती शिवी विसरली नसती. ती त्यांनी पुस्तकातून शिकलेली नव्हती. चूक पुस्तकाची नव्हती, हसणाऱ्या वर्गापुढे गप्प राहून पुढचा परिच्छेद वाचण्याची होती.

म्हणून आमची मागणी बंदीची नाही, जबाबदारीची आहे. पाचवीच्या वर्गात ‘गोलपिठा’ वाचा असे कुणीच म्हणत नाही. वय बघून निवड व्हावी. असा उतारा शिकवण्याआधी शिक्षकाने जात, हिंसा आणि भाषा यांवर वर्गाशी बोलावे आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण मिळावे. दलित मुलाला ‘तूच मोठ्याने वाच’ असे कधीही सांगू नये. कुणी जातीवरून चिडवले तर शाळेने त्याच दिवशी दखल घ्यावी. मोठ्या वर्गांसाठी ही पुस्तके ग्रंथालयात असावीत. आणि एखादे पुस्तक वगळायचेच असेल तर लेखी कारण द्यावे, पालक आणि शिक्षकांना बोलू द्यावे.

तरुण मित्रांनो, शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रतिनिधी असतात. तुमच्या वस्तीतून तिथे कोण जाते? ग्रंथालयाच्या यादीत ‘बलुतं’ आहे का, बेबी कांबळेंचे ‘जिणं आमुचं’ आहे का, हे या आठवड्यात विचारून या. ‘कोण नामदेव ढसाळ?’ या प्रश्नाला मोर्च्याने एक दिवस उत्तर मिळते. आपल्या शाळेतल्या मुलाला ते उत्तर ठाऊक असेल, तर तो प्रश्न पुन्हा विचारायची कुणाची हिंमत होणार नाही.

जय भीम!