म्हाताऱ्यांकडे कोण बघणार?

२३ मे १९४५ रोजी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले होते. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या परिषदेत वेठ करायची नाही आणि लग्नाच्या कर्जापोटी लग्नगडी म्हणून जमीनदाराकडे राबायचे नाही, असे ठरले. पुढच्या लढ्याने या भागातली वेठ मोडली. तेव्हा आईच्या कडेवर असलेली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. झरीत आणि तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर त्या पिढीची जी माणसे आज आहेत, त्यांच्याकडे वर्षातले सहा-सात महिने कोण बघते, याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या, आरोग्य खात्याच्या किंवा महसूल खात्याच्या दप्तरात सापडणार नाही.

भातकापणी आटोपून दिवाळी झाली की इथल्या अनेक घरांतली कर्ती माणसे बाहेर पडतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाते, कोणी मासेमारीच्या बोटीवर, तर कोणी रोज पहाटे वापी-उंबरगावच्या कारखान्यांकडे. भट्टीवर गेलेले पावसाच्या तोंडावर परततात. तोवर घरात डोकरा-डोकरी आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडे. आजीला आंघोळ घालणे, आजोबांना बाहेर नेऊन आणणे, रात्री उठून पाणी देणे ही कामे मग दहा-बारा वर्षांच्या मुलीवर येतात. तिची शाळा बुडते, आणि म्हातारीची काळजीही नीट होत नाही.

आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये कायदा झाला. त्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, टाकून देणाऱ्याला शिक्षाही आहे. शहरात, जिथे मुलाकडे पैसा असून मन नाही, तिथे या कायद्याचा उपयोग होतो. झरीत मुलाकडे मन आहे, पण भट्टीवरची उचल फेडल्याशिवाय तो घरी येऊ शकत नाही. त्याच्यावर दावा लावून कोणाचे भले होणार? मुलगा नाकर्ता म्हणून नव्हे, तर पोट बाहेर आहे म्हणून जे घर रिकामे होते, त्या घरासाठी आपल्याकडे कसलीच व्यवस्था नाही.

वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे दरमहा पंधराशे रुपये मिळतात आणि ते लागतातही. पण पैसे बँकेत येतात, बँक गावापासून लांब, आणि आयुष्यभर मातीत राबलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत. पैसे हातात आले तरी ते तोंडात गोळी घालत नाहीत. घरातल्या शुश्रूषेचा प्रश्न पैशाइतकाच हातांचा आणि लक्षाचा आहे. रक्तदाबाची गोळी बरे वाटले की बंद केली जाते. ती का बंद करायची नाही, हे दर महिन्याला कोणीतरी सांगावे लागते. पक्षाघाताने खाटेवर पडलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला व्रण पडतात, चिघळतात, आणि माणूस मूळ आजारापेक्षा त्या जखमांनीच जातो. मोतीबिंदू पिकलेला, शौचाला अंधारात बाहेर जायचे, त्यात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की म्हातारा पुन्हा उभा राहील याची खात्री नाही. एकटा म्हातारा चूल पेटवायचा कंटाळा करतो आणि कोऱ्या चहावर दिवस काढतो. यातल्या बहुतेक गोष्टींना डॉक्टर लागत नाही. शिकवलेला, ठरलेल्या दिवशी येणारा आणि पाहिलेले वहीत लिहून ठेवणारा माणूस लागतो.

असा माणूस घरोघर पाठवणे महाराष्ट्राला नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरीच घेता येते, हे दाखवले. त्याच वाटेने पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांना काम मिळाले: बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा ते सात ठरलेल्या गृहभेटी. तिसरा, सातवा, चौदावा असे दिवससुद्धा ठरलेले. जन्मानंतरच्या दिवसांचे इतके काटेकोर वेळापत्रक करणाऱ्या व्यवस्थेने खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठीही तसेच वेळापत्रक करावे, अशी आमची मागणी आहे. केरळने २००८ मध्ये वेदना कमी करणाऱ्या उपशामक सेवेचे धोरण आखून पंचायतींमार्फत परिचारिका रुग्णाच्या घरी पाठवायला सुरुवात केली. तिथे ज्या पंचायतींनी हे निभावले, त्या काही सगळ्याच श्रीमंत नव्हत्या.

तलासरी आणि डहाणू हे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे क्षेत्र आहे. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून इथल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो आरोग्यावर खर्च करता येतो. आजवर रस्ता, गटार, समाजमंदिर यांकडेच ग्रामपंचायतींचा ओढा राहिला. बांधकाम डोळ्यांना दिसते, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. आता या निधीतून पाड्यावरच्याच एक-दोन बायांना शुश्रूषेचे शिक्षण आणि दरमहा मानधन द्यावे. गावात रोजगार मिळाला तर त्यांनाही भट्टीवर जावे लागणार नाही. हे काम आशांच्या माथी फुकट मारू नये. आधीच त्यांच्यावर नोंदवह्यांचा ढीग आहे, आणि बायकांच्या सेवेला मोल नसते असे गृहीत धरण्याची सवय सरकारने सोडलेली बरी.

देखरेख ग्रामसभेने करावी. २ ऑक्टोबरची ग्रामसभा स्थलांतराच्या तोंडावरच येते. कोणत्या घरातून कोण जाणार, मागे कोण राहणार, त्यांची औषधे कोणती, रेशन कोण आणणार, रात्री हाक मारली तर शेजारचे कोणते घर धावणार, भट्टीवरच्या मुलाचा फोन नंबर काय, हे सारे त्या दिवशी नावानिशी लिहून घ्यावे. आरोग्य उपकेंद्राने त्या यादीप्रमाणे महिन्याची औषधे घरपोच द्यावीत, आणि जानेवारीच्या ग्रामसभेत वह्या सर्वांसमोर वाचल्या जाव्यात. पालघर जिल्हा परिषदेने यंदा हे झरी आणि आसपासच्या चार-पाच ग्रामपंचायतींत सुरू करावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि दिवाळीच्या आत बायांचे पहिले शिक्षण उरकण्याइतका वेळ हाताशी ठेवून कामाला लागायला हवे.