एक फेरी वाचवायला ट्रॉली जोडताय? आधी काट्यावर चला!

आज थोडं कडक बोलणार आहे, कारण चूक माझी स्वतःची आहे.

माझं साताऱ्यात मंडप-लायटिंगचं दुकान. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात पुण्यातल्या एका लग्नाची ऑर्डर मिळाली. पिकअपचा हौदा गच्च भरला, मागे जनरेटरची दोन चाकी ट्रॉली जोडली. तरी लोखंडी स्टँड आणि केबलच्या पेट्या उरल्याच. आमचे ड्रायव्हर मामा म्हणाले, "शेट, दोन फेऱ्या करू." मी बीबीए झालेलो, डोक्यात कॉस्ट कटिंग! उरलेला माल ट्रॉलीच्या मागच्या टोकाला बांधायला लावला.

खंबाटकीचा बोगदा संपला, उतार लागला आणि ट्रॉली डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागली. तिच्याबरोबर पिकअपची मागची बाजूही हलायला लागली. मामांनी ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, वेग आपोआप उतरू दिला. गाडी कडेला लागल्यावर एवढंच म्हणाले, "शेट, आज ट्रॉली गाडी चालवत होती." त्यांचे हात थरथरत होते. घरी त्यांच्या दोन मुली होत्या. आणि मी वाचवत होतो डिझेल, टोल, भत्ता धरून साधारण चार हजार रुपये.

म्हणून माझं ठाम मत आहे: ट्रॉलीत किती वजन जाणार हे मालक ठरवतो, त्यामुळे अपघात झाला तर पहिली जबाबदारी मालकाची. "ड्रायव्हरला कळायला हवं होतं" ही पळवाट आहे. पगार आपल्या हातात असताना तो किती वेळा नाही म्हणणार?

आता तांत्रिक भाग, सोप्या भाषेत.

वजन कुठे आहे? ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हूकवर यायला हवा. म्हणजे 800 किलोची भरलेली ट्रॉली असेल तर 80 ते 120 किलो. जड माल चाकांच्या किंचित पुढे आणि खाली ठेवा. मागे ठेवलात तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॉली झोके घेते. आमचं नेमकं हेच झालं होतं. मोजायचं कसं? दुकानातला प्लॅटफॉर्म काटा घ्या, ट्रॉली सपाट उभी करा आणि तिचा दांडा हूकच्याच उंचीवर ठोकळा लावून काट्यावर टेकवा. झालं! आणि हा भार पिकअपच्या पेलोडमध्ये धरायचा, हे विसरू नका.

गाडी किती ओढू शकते? इंजिन ओढतंय म्हणून गाडी पेलतेय असं नसतं. ओढण्यापेक्षा थांबवणं अवघड. वेग 40 चा 80 केला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ओढण्याची क्षमता मॅन्युअलमध्ये पाहा. तिथे नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. लेखी मिळत नसेल तर ओढू नका, ट्रान्सपोर्टवाल्याला द्या.

निघण्यापूर्वी हूकची पिन आणि लॉक, दोन साखळ्या हूकखालून एकमेकींना फुली मारून, ट्रॉलीचे टेललाइट-इंडिकेटर, सगळ्या टायरची हवा तपासा. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा बघा. घाटात उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ब्रेकवर सतत पाय ठेवलात तर ते तापून पकड सोडतात.

कागद. कायद्याने ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनच आहे. तिची नोंदणी आणि विमा बघून घ्या. ओव्हरलोडला 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. म्हणजे चार हजार वाचवायला वीस हजार पणाला!

कोणी म्हणेल, "दुसऱ्या फेरीचा खर्च धरला तर कोटेशन महाग होतं, ऑर्डर जाते." जाते कधीकधी, माझ्याही गेल्या आहेत. पण दुसरी फेरी कोटेशनमध्ये बसत नसेल, तर ती ऑर्डर मुळातच तोट्याची होती. तो तोटा आपण ड्रायव्हरच्या जिवावर ढकलत होतो, इतकंच.

आता तुमचा होमवर्क. या आठवड्यात नेहमीचा माल भरून गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्या. आधी ट्रॉलीसकट, मग ट्रॉली सोडून एकट्या पिकअपचं वजन करा. दोन्ही पावत्या आरसीवरच्या आकड्यांशी ताडून बघा आणि दुकानात गल्ल्यावर चिकटवा. पुढच्या ऑर्डरला "बसेल की अजून थोडं" असं तोंडात आलं, की त्या पावत्यांकडे बघा.

मामा आजही माझ्याकडेच आहेत. आता गाडी भरून झाली की शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले दोन फेऱ्या, तर दोन फेऱ्या.