हॅमचा हॉटस्पॉट चांगलाच, पण पुरात त्याचा भरवसा धरू नका

मोबाइलचा नव्हे, हॅम रेडिओवाल्यांचा हॉटस्पॉट. छोट्याशा डबीत रास्पबेरी पाय झीरो आणि त्यावर रेडिओचा एक बोर्ड. ताकद साधारण १० मिलीवॉट, म्हणजे सिग्नल घर-अंगणापुरता. हातातल्या डीएमआर सेटवर बोललेलं ही डबी इंटरनेटवर टाकते आणि मिरजेतला माणूस थेट जपानशी गप्पा मारतो. जवळपास रिपीटर नसलेल्या गावातल्या परवानाधारकाला ही मोठीच सोय. यामुळे नवी पोरं छंदाकडे वळली तर आनंदच आहे.

पण मंडळी, ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगली-कोल्हापुरात किती गावं अंधारात होती! वीज गेली, नेट गेलं की या डबीचा जगाशी संबंध संपला. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद आणि त्यांच्या साथीदारांनी निरोप पोचवले, ते सरळ रेडिओ लहरींवरून. मध्ये इंटरनेट नव्हतंच.

म्हणून 'आमच्याकडे हॅम आहेत' एवढं आपत्तीच्या आराखड्यात लिहून प्रशासनाने मोकळं होऊ नये. उंच जागेवर सोलर-बॅटरीवर चालणारा रिपीटर हवा. दर पावसाळ्याआधी नेट बंद ठेवून एकदा सराव व्हावा. आणि हॅमच्या परवाना परीक्षेला तालुक्यातली चार पोरं तरी बसवा.

जपान नंतर बघू. पुराच्या रात्री पलीकडच्या गावाशी बोलता येईल का, ते आधी सांगा. तुमच्या तालुक्यात काय सोय आहे? कमेंटमध्ये लिहा.